मदत हवी आहे : मोडी कागदांचे फोटो, फोनमधली नकोशी अ‍ॅप्स आणि कॅमेरा

नमस्कार मंडळी,

वाईजवळच्या आमच्या जुन्या घरात पणजोबांची लाकडी पेटी निघाली. आत गहाणखतं, वसुलीच्या याद्या, थोडा पत्रव्यवहार, सगळं मोडी लिपीत. साधारण ३५० पानं आहेत. काहींच्या कडा हात लावताच झडतात, म्हणून एकदाच नीट फोटो काढायचे आणि मोडी वाचणाऱ्या काकांना द्यायचे असं ठरवलं.

दिवाळीच्या सुट्टीत फोनवर साठेक पानं काढली. फोटो बघून काका म्हणाले, "अगं, यावर कुणी पेन फिरवलंय का?" मूळ कागद आणि फोटो शेजारी ठेवून मोठं करून पाहिलं. बोरूच्या लेखणीची शाई जिथे पुसट होत गेली होती, तिथे फोटोत रेघ एकदम तुटली होती आणि पुढे काळी ठळक झाली होती. पाठीमागून उमटलेली शाईही तितकीच ठळक. मोडीत हात न उचलता लिहितात, त्यामुळे बोरू कुठे वळला यावरच अक्षर ओळखायचं असतं. तेच फोनने पुसलं. लागोपाठ टिपलेल्या अनेक फ्रेम एकत्र करून फोन कागदाचा पोतसुद्धा 'नॉइज' (फोटोतले नकोसे ठिपके) समजून गुळगुळीत करतो, असं वाचलं. प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने करायचा मोड) रॉ फाइल, म्हणजे फोनने फारसा हात न फिरवलेला फोटो, काढली तर शाई जशीच्या तशी दिसते, पण एकेक फाइल वीस-पंचवीस एमबीची.

आणि फोनमध्ये जागाच नाही. ६४ जीबीचा आहे, त्यात कंपनीने आधीच भरलेले गेम, दोन खरेदीची अ‍ॅप्स, जास्तीचा ब्राउझर आणि लॉक स्क्रीनवर रोज जाहिराती आणणारं एक प्रकरण. 'अनइन्स्टॉल' दिसतच नाही, काहींना फक्त 'डिसेबल' आहे, काहींना तेही नाही. विकत घेतलेल्या फोनवर माझ्या पणजोबांचे कागद मावत नाहीत आणि न मागितलेले गेम मावतात, याचा फार राग येतो.

एडीबीने (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन) ही अ‍ॅप्स काढली तर फोन बिघडेल का? आणि रॉवर भागेल, की २५ हजारांपर्यंत वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यावा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, एडीबीने अ‍ॅप फक्त तुमच्या युजरपुरतं निघतं, फॅक्टरी रीसेट केलं की परत येतं. म्हणून भीती कमी. एकेक काढा, फोन रीस्टार्ट करून बघा. नावावरून काय आहे ते कळत नसेल तर हात लावू नका. मूळ फाइल सिस्टीमच्या जागेतच राहते, मोकळी होते ती अपडेट आणि डेटाची जागा, त्यामुळे फार अपेक्षा नको. काम झालं की यूएसबी डीबगिंग (एडीबीसाठी फोनमध्ये चालू करावं लागणारं सेटिंग) बंद करा, काही बँकांची अ‍ॅप्स ते चालू असताना उघडत नाहीत.

तुमच्या कामाला मी कॅमेराच घ्या म्हणेन. साध्या डीएसएलआरचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) सुमारे २३ × १५ मिमी, अनेक फोनचा जेमतेम ६ × ५. शिवाय फोन कागदाच्या फार जवळ नेला की काही फोन आपोआप वाइड लेन्सवर जातात आणि कोपरे ताणले जातात. २४ मेगापिक्सेलमध्ये फुलस्केप कागद चौकटीत भरला तर इंचाला सुमारे ४०० पिक्सेल मिळतात, पुसट शाईला पुरेसे. सोबतची १८-५५ मिमी लेन्स ५० च्या आसपास ठेवा, एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता), ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड.

धागाकर्ती

मनापासून धन्यवाद! लॉक स्क्रीनवालं आत्ताच काढलं, फोन सुरळीत चालू आहे. मावसभावाकडे डीएसएलआर पडून आहे, तो शनिवारी आणते आणि आधी तीच साठ पानं पुन्हा काढते. एकच विचारायचं राहिलं : वसुलीची एक यादी हातभर लांब आहे. ती दोन तुकड्यांत काढताना मधल्या किती ओळी दोन्हीकडे याव्यात?