मदत हवी आहे: काँक्रीटखाली गाडलेले चेंबर आणि तीनदा 'निकाली' निघालेली तक्रार

नमस्कार. महापालिकेच्या कामाची माहिती असलेलं इथे कुणी असेल तर कृपया वाचा. जूनच्या आत हे मार्गी लागायला हवं.

आमची गल्ली उतारावर आहे, दोन्ही बाजूंच्या मिळून अकरा इमारती. दोन वर्षांपूर्वी रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं आणि त्याच पावसाळ्यात सगळ्यात खालच्या इमारतीत मैलापाणी उलटं यायला लागलं. आता भर उन्हाळ्यातही पंधरा-वीस दिवसांनी येतं. तिथे तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर येतं. मागच्या आठवड्यात त्यांनी रात्री अडीचला मला फोन केला आणि आधी "झोपमोड केली गं" म्हणाल्या. ते ऐकून पोटात तुटलं.

जेटिंगची गाडी (जोराच्या पाण्याने लाइन साफ करणारी) आली होती तेव्हा त्यावरचा माणूस म्हणाला, "ताई, वरचे चेंबर कुठंयत? खालून एकाच ठिकाणाहून पाइप किती आत जाणार?" जुनी माणसं सांगतात, गल्लीत सहा चेंबर होते. आज तीन दिसतात. बाकीचे काँक्रीटखाली गेले.

महापालिकेच्या अ‍ॅपवर तीनदा तक्रार केली. तीनही वेळा चार-पाच दिवसांत 'निकाली' असा मेसेज आला. शेवटच्या वेळी जोडलेला फोटो तर आमच्या गल्लीतला नव्हताच. वॉर्ड ऑफिसला गेलो तर ड्रेनेजवाले म्हणतात, काँक्रीट फोडायचं काम पथ विभागाचं. पथवाले म्हणतात, लाइन कुठून जाते ते ड्रेनेजने लेखी द्यावं. जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता, जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर प्रभागाला चार नगरसेवक मिळाले. दोघं येऊन पाहून गेले, पण चौघांपैकी पाठपुरावा कुणी करायचा हे काही ठरत नाही. लोकशाही दिनासाठी, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात त्या दिवसासाठी, 42 सह्यांचं निवेदन दिलं, ते सामूहिक आहे म्हणून परत आलं.

आणखी एक. एका सकाळी एका मुलाला दोरी बांधून चेंबरमध्ये उतरवायला निघाले होते. ना मास्क, ना काही. आम्ही बायकांनी झाकणाभोवती उभं राहून ते थांबवलं. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने याला बंदी आहे. आमच्या घरातलं पाणी थांबावं म्हणून कुणाचा जीव जायला नको, म्हणून काम यंत्रानेच होईल अशा पद्धतीने मागायचं आहे.

तर विचारायचं हे: तक्रार अशी परस्पर बंद होऊ नये म्हणून काय करावं? आणि दोन विभागांपैकी कुणाला धरायचं?

प्रतिसाद

ताई, मी एका नगरपालिकेत बांधकाम विभागात होतो, आता निवृत्त आहे. अ‍ॅपवरच्या तक्रारीवर विसंबू नका. कागदावर अर्ज करा, सहायक आयुक्तांच्या नावाने, प्रत दोन्ही विभागांच्या कार्यकारी अभियंत्यांना. आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. विभाग कुठला हा तुमचा प्रश्नच नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये गटारं बांधणं, सुस्थितीत ठेवणं आणि साफ करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. अर्जात ते कलम लिहा.

सोबत माहिती अधिकारात दोन वेगळे अर्ज टाका. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, एकत्र केलेत तर त्यावरूनच नाकारतील. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिल्यात काँक्रीटीकरणाचा कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाच्या नोंदवहीची) प्रत आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो ते मागा. हे सगळ्यात महत्त्वाचं. तो कालावधी चालू असेल तर झाकणं वर घेण्याचं काम ठेकेदाराकडून त्याच्या खर्चाने करून घेता येतं, आणि ते कळलं की पालिकेतली पुष्कळ चालढकल संपते. दुसऱ्यात तुमच्या तीन तक्रारींचे क्रमांक देऊन स्थळपाहणी अहवालाची प्रत मागा. "का केलं नाही" असं विचारू नका, कागद मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

प्रतिसाद

लोकशाही दिनाला तक्रार वैयक्तिकच लागते. आजींच्या एकटीच्या नावाने, त्यांच्या न्हाणीघरापुरती द्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज 15 दिवस आधी विहित नमुन्यात.

चेंबर शोधायचे तर गल्ली टेपने मोजा. लहान व्यासाच्या लाइनवर साधारण 30 मीटरला एक चेंबर असतो, शिवाय जिथे वळण किंवा जोड असेल तिथे. प्रत्येक सोसायटीच्या शेवटच्या चेंबरमधून पाइप रस्त्याकडे कुठल्या दिशेने जातो ते पाहून खडूने खूण करा. साहेब आले की जागा दाखवता आली पाहिजे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही सहा जणांनी गल्ली मोजली, 170 मीटर भरली. म्हणजे जुन्या लोकांचे सहा चेंबर बरोबर बसतात. तीन जागांवर खुणा केल्या, त्यातल्या एका ठिकाणी काँक्रीटला गोल चीर गेलेली आहे, आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. फोटो काढलेत, शेजारी टेप धरून.

आजी सही करायला तयार आहेत, पण एकटीच्या नावाने अर्ज म्हटल्यावर थोड्या घाबरल्या. सुनावणीला मी सोबत गेले तर आत बसू देतात का? कुणी अशा वेळी बरोबर गेलं असेल तर सांगा. माहिती अधिकाराचे दोन्ही अर्ज लिहून झालेत, सोमवारी सकाळी दहाला देऊन पोच घेते.