बेल्जियममध्ये बिअर आणि तिथलं खरं जेवण, कुठे बसावं?

डेक्कनचा_बाबू
मंडळी, ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामाने ब्रसेल्सला चाललोय, काम तीन दिवसांचं आहे पण पुढे चार दिवस सुट्टी टाकलीये आणि बायको पण तिकडेच येतेय. मला बिअर मनापासून आवडते, पण खरं सांगायचं तर आपली धाव पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीपर्यंत आणि कधीतरी पगार झाल्यावर आणलेली होगार्डन, बास. यूट्यूबवर बघितलं तर सगळे त्याच दोन-तीन ठिकाणी उभे राहून तोच ग्लास कॅमेऱ्याला दाखवतायत. मला तिथली माणसं जिथे बसतात तिथे बसायचंय, निवांत, घाई न करता.
दुसरा प्रश्न जेवणाचा. मी बीफ सोडून सगळं खातो, बायको व्हेज आहे, अंडं चालतं. ती म्हणते तू बिअर पी, मी फ्राईजवर चार दिवस काढते. ब्रसेल्स, गेंट, ब्रूज एवढंच डोक्यात आहे. अनुभवी लोकांनी सांगा.

लुव्हेनचा_पाहुणा
सहा वर्षं झाली इथे बेल्जियमला येऊन. आधी वहिनींना सांगा की इथले फ्राईज धरून चालू नका. जुन्या पद्धतीच्या फ्राईजच्या टपरीवर ते बीफच्या चरबीत तळतात, दोनदा, चव त्याचीच असते. हल्ली बरेच जण वनस्पती तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. मी पहिले चार महिने आईला फोनवर 'फ्राईज खातो, शुद्ध शाकाहारी' असं सांगत होतो, कळल्यावर आईला अजून सांगितलेलं नाही.

आता बिअर. आपल्याकडची सवय म्हणजे चिल्ड मागवायची, भराभर दोन-तीन मारायच्या आणि मग जेवायचं. इथे तसं केलं तर साडेसातला हॉटेलवर झोपलेले असाल. ड्युव्हेल नावाच्या बिअरमध्ये अल्कोहोल साडेआठ टक्के आहे आणि दिसायला एकदम साधी पिवळी, लिंबू सरबतासारखी उतरते. वेस्टमाल ट्रिपल साडेनऊ. रोशफोर १० ही ११.३ टक्के, म्हणजे जवळपास वाईन. म्हणून ग्लास पण २५ नाहीतर ३३ सेंटीलिटरचे असतात आणि लोक एका ग्लासवर तासभर गप्पा मारतात. रोशफोरसारख्या काळ्या दमदार बिअर फार गार देत नाहीत, त्याची तक्रार करू नका, बर्फासारख्या गार केल्या तर मनुका-खजूर-गुळासारखी जी चव असते ती लागतच नाही.

प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो हे ऐकलं असेलच. मला आधी ते सगळं मार्केटिंग वाटायचं. मग एकदा गावातल्या एका साध्या कॅफेत मी ऑर्व्हाल मागितली, तर म्हातारा मालक म्हणाला दहा मिनिटं थांबा, तिचे ग्लास सगळे टेबलांवर आहेत. दुसऱ्या ग्लासात द्या म्हटलं तर असा बघितला की जणू मी पुरणपोळी केचपबरोबर मागितली. थांबलो. ऑर्व्हालचं अजून एक, काही कॅफेत ताजी हवी की जुनी ते विचारतात. बाटलीत एक रानटी यीस्ट असतं, त्यामुळे ताजी कडवट लागते आणि महिने जातील तशी ती कोरडी, थोडी गोठ्याच्या वासाची होत जाते. वाचायला विचित्र वाटेल पण जुनीच घ्या.

ब्रसेल्समध्ये आ ला मॉर सुबित नावाचं कॅफे आहे, नावाचा अर्थ 'अचानक मरण', पण घाबरू नका, गिऱ्हाईकं खेळायची त्या एका फाशांच्या खेळावरून पडलंय. उंच छत, भिंतीवर जुने आरसे, लांब लाकडी टेबलं. टुरिस्ट असतातच, तरी दुपारी तीन-चारला गेलात तर शेजारी एकटं बसून पेपर वाचणारे आजोबा दिसतील. ब्रूजला ट ब्रुग्स बेर्ट्ये, १९८३ पासूनचं छोटंसं, तीनशेच्या आसपास बिअर असतात. लिस्ट बघून गांगरू नका, काय आवडतं ते सांगा, ते आणून देतात.

रस्सा_वाढप्या (कोल्हापूर)
भावा, जेवणाचं मी सांगतो. तिथला खरा माल म्हणजे कार्बोनाद, फ्लेमिश लोक स्टोफव्लेस म्हणतात. बीफ ब्राऊन बिअरमध्ये तीन तास मंद शिजवायचं आणि वर ब्रेडच्या स्लाईसला जाडसर मोहरी फासून ती उलटी टाकायची. ब्रेड विरघळतो आणि रस्सा दाट होतो, आपण दाण्याचं कूट लावतो तसंच. तुझं बीफ नाही म्हणून वाईट वाटलं, पण हेच काही ठिकाणी डुकराच्या गालाचं करतात, मेनूवर 'व्हार्केन्सवांगेन' बघ, चमच्याने तुटतं एवढं मऊ. सोबत फ्राईज येतात आणि ते त्या रश्श्यात बुडवून खायचे, काटा-चमचा बाजूला ठेवला तरी कोण काय म्हणत नाही.

गेंटला वॉटरझोई खा. पूर्वी माशाचं करायचे, आता चिकनचं जास्त चालतं, क्रीम, अंड्याचं पिवळं, कांद्याची पात, गाजर. दिसायला आपल्या पांढऱ्या रश्श्याचा चुलतभाऊ, पण तिखटाचा पत्ता नाही, पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला वाटलं हॉस्पिटलचं जेवण आलं. तिसऱ्या घासापासून पटलं.

शिंपले पण सीझनमध्येच जातोयस. माणशी एक काळं पातेलं, जवळजवळ किलोभर, वाफवलेले, सेलरी-कांदा खाली. पहिला शिंपला काट्याने खायचा, मग त्याच रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून बाकीचे ओढून काढायचे, शेजारच्या टेबलावरच्या आजीने मला शिकवलं. आणि खाली उरलेलं पाणी टाकू नको, ब्रेडने पुसून खा.

सावध कुठे राहायचं तर दोन ठिकाणी. 'फिले अमेरिकँ' असं दिसलं तर बर्गर समजून मागवू नको, ते कच्च्या बीफचा खिमा असतो, पावावर लावलेला. आणि ब्रसेल्सच्या मुख्य चौकाच्या, ग्राँ प्लासच्या, आसपास दारात उभं राहून हाताला धरून आत ओढतात, त्या हॉटेलात जाऊ नको. मी गेलो, बाहेरच्या पाटीवर शिंपले स्वस्त, बिलात पाणी वेगळं, ब्रेड वेगळा, आणि शिंपले निम्मे बंदच. बंद राहिलेला शिंपला खायचा नसतो एवढं तर कोकणातलं शेंबडं पोर पण सांगेल. नाव नाही घेत, एकच असं नाही.

डेक्कनचा_बाबू
बापरे, फ्राईजचं ऐकून घरात शांतता पसरलीये 😅 दोघांना धन्यवाद. ती आंबट बिअर असते म्हणतात, लॅम्बिक का काय, ती घ्यावी का? ऑफिसातला एकजण म्हणाला व्हिनेगर आहे. आणि पाणी खरंच विकत?

लुव्हेनचा_पाहुणा
पाणी विकतच, नळाचं मागितलं तर काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी तोंड वाकडं करतात. बाटली आणि साधी बिअर जवळपास एकाच भावात असतात, त्यावर मी काय करतो ते सांगत नाही.

लॅम्बिक घ्याच, पण आधी कांतियोंला जा, अँडरलेख्तमध्ये, मिडी स्टेशनवरून चालत. १९०० पासूनची फॅमिली ब्रुअरी, आत फिरून बघता येते. यीस्ट बाहेरून घालतच नाहीत. धान्याचं उकळलेलं गोड पाणी रात्रभर माळ्यावर एका पसरट तांब्याच्या हौदात उघडं ठेवतात आणि हवेतलं जे काय पडेल त्यावर आंबतं. आपलं आंबोळीचं पीठ जसं आपोआप येतं ना, तसंच. म्हणून फक्त थंडीच्या महिन्यांत करतात, उन्हाळ्यात नको ते जंतू पडतात. मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं. पिंपांवर कोळ्यांची जाळी असतात, ती मुद्दाम काढत नाहीत, कारण कोळी माश्या खातात. माझी सासू आली होती तिला ते जाळं बघून केरसुणी शोधाविशी वाटली.
एक, दोन, तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की ती गोझ, आणि आंबट चेरी घातली की क्रीक. पहिला घोट वाईट लागणार, ते गृहीत धरा. अर्धा ग्लास होईपर्यंत मत देऊ नका. सोबत पांढऱ्या ताज्या चीजचा ब्रेड मिळाला तर घ्या, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात. हा पूर्ण व्हेज आणि आंबटाबरोबर भारी लागतो.

मुळा_मुठा
मी पीत नाही आणि व्हेज आहे, तरी दोनदा जाऊन आले, म्हणून बाबूंच्या बायकोसाठी लिहिते. गेंट गुरुवारी ठेवा. २००९ पासून तिथे गुरुवार हा व्हेज दिवस चालवतात, व्हेज हॉटेलं एरवीही पुष्कळ आहेत. बाकी ठिकाणी चीज क्रोकेट, बाहेरून कुरकुरीत, आत पातळ गरम चीज, तोंड भाजतं, हळू खा. स्टुम्प म्हणजे बटाटा आणि गाजर किंवा पालेभाजी कुस्करलेली, त्यावर सॉसेज असतं, ते नको सांगून अंडं मागायचं. 'शिकों ग्रातँ' म्हणजे एका पांढऱ्या पालेभाजीचा चीज घालून भाजलेला पदार्थ, तो व्हेज दिसतो पण आत हॅम गुंडाळलेलं असतं, मी फसलेय. आणि कॅफेत चकणा म्हणून चीजचे तुकडे, सेलरी मीठ आणि मोहरी देतात, त्यावर माझी एक संध्याकाळ छान गेली. गेंटच्या भाजी मार्केटच्या चौकात टीरेन्टाइन नावाचं जुनं मोहरीचं दुकान आहे, पिंपातून काढून देतात. लोणच्याची मोहरी फेसताना नाकात जाते ना, तस्सं. चेक-इन बॅगेत टाका.
नवऱ्यांना एक विनंती, 'अजून एकच' असं म्हणू नका. ती एकच तासभर चालते.

बसलोय_निवांत
गेंटमध्ये डुल्ले ग्रीट नावाच्या पबला जा राव. तिथे एक लिटरच्या वरचा ग्लास मिळतो, लाकडी स्टँडमध्ये अडकवलेला, पण तो कुणी पळवू नये म्हणून डिपॉझिट म्हणून तुमचा एक बूट घेतात आणि टोपलीत घालून छताला टांगतात. देवळाबाहेर सुद्धा दोन्ही चपला ठेवतो आपण, इथे एकच. एका पायावर तासभर बसलो होतो. लोकल कमी टुरिस्ट जास्त, पण मजा आली, खोटं कशाला बोलू. बिअर दमदार आहे, तेवढं लक्षात ठेवा, बूट परत घालताना लेस बांधता आली पाहिजे.

डेक्कनचा_बाबू
ठरलं. शनिवारी कांतियों, त्याआधी गुरुवार गेंट, शुक्रवार ब्रूज. बुटाचं बायकोला वाचून दाखवलं, तिने कपाटातून माझे सगळे मोजे काढले आणि अंगठ्याला भोक असलेले चार जोड कचऱ्यात टाकले.