चर्चा: आत्महत्येच्या जोखमीचा गुणतक्ता वॉर्डातून काढून टाकावा का?

पाळीप्रमुख
विष घेतलेला रुग्ण मेडिसिन वॉर्डात शुद्धीवर आला की सिस्टर जोखमीचा तक्ता भरतात. गुणांची बेरीज होते आणि केसपेपरवर ‘कमी’, ‘मध्यम’ किंवा ‘जास्त’ असा शेरा पडतो. माझं म्हणणं, ही बेरीज आणि शेरा दोन्ही बंद करा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत हेच सांगितलंय: पुढे कोण जीव देईल याचं भाकीत करायला किंवा कोणाला उपचार द्यायचे हे ठरवायला मोजपट्ट्या वापरू नका, कमी-मध्यम-जास्त अशी वर्गवारीही करू नका. ‘कमी’ लिहिलं की पुढच्या पाळ्यांत त्या माणसाला कोणी काही विचारत नाही. जोखीम मात्र तासातासाला बदलते. पोलीस जबाब घेऊन जातात, घरची माणसं खाटेपाशी भांडून जातात, बिलाचा आकडा कानावर येतो. सकाळी भरलेल्या कागदाला यातलं काहीच ठाऊक नसतं.

रात्रपाळी
ताई, मला हे पटत नाही. कागद काढलात तर प्रश्नही जाईल. नवी सिस्टर ‘असं का केलंत?’ म्हणते, आणि तो जाब झाला. रुग्ण तोंड फिरवतो. कोलंबिया नावाच्या छापील प्रश्नावलीच्या सहा प्रश्नांत निदान शब्द तयार मिळतात. झोपलो तर परत उठूच नये असं वाटलं का? जीव द्यावा असा विचार आला का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर पुढचे तीन: कसं करायचं ते मनात आलं होतं का, करायचंच असं ठरलं होतं का, बेत आखला होता का. ‘नाही’ आलं तर थेट सहावा: आजवर कधी तसं काही केलं किंवा तयारी केली का, आणि ती गेल्या तीन महिन्यांत का? चूक नेमकी इथे होते. पहिल्या दोन्हींना ‘नाही’ आलं की सिस्टर थांबते आणि सहावा राहून जातो. विचारल्याने डोक्यात विचार भरतो ही भीती निराधार आहे, हेही नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

पाळीप्रमुख
प्रश्नांना माझा विरोध नाहीच. उत्तर रुग्णाच्या शब्दांत लिहा. ‘आयडिएशन प्लस’ (म्हणजे मरणाचे विचार आहेत) एवढंच वाचून पुढच्या पाळीला काय कळणार? ‘पोरीचं लग्न होईस्तोवर थांबतो म्हणाला’ हे ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना, तोंडी सांगितलं आणि लिहिलंही, तर रोखून धरणारी गोष्टही कळते आणि तिची मुदतही.

ब्रदर_आयसीयू
दोघांचाही एक मुद्दा सुटतोय: विचारायचं कधी? ऑरगॅनोफॉस्फेट हे कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाला त्यावरचा उतारा ॲट्रोपिन जास्त झाला की तो बरळतो, चादर चिमटत बसतो, तोंड कोरडं पडतं. त्या अवस्थेत भरलेला तक्ता निरुपयोगी. आधी नाव, जागा, वार नीट सांगतोय का ते पाहा. सांगत नसेल तर ‘मूल्यांकन शक्य नाही, पुन्हा करणे’ असं वेळेसह लिहा आणि तोवर जोखीम आहे असंच धरून चाला. उलट बाजूही आहे. साधारण २४ ते ९६ तासांत इंटरमीडिएट सिंड्रोम, म्हणजे मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडणं, येऊ शकतो. ‘आज शांत पडून आहे’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो तो रुग्ण कदाचित मानच उचलू शकत नसेल. उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलत नसेल तर बोलणं नंतर, आधी डॉक्टर आणि श्वासाकडे लक्ष.

रात्रपाळी
बरोबर. पण लक्ष ठेवायचं कोणी? हाताच्या अंतरावर सतत एक माणूस हवा असं लिहिणं सोपं आहे. आमच्याकडे नातेवाईकालाच बसवतात.

इन्चार्ज_सिस्टर
नातेवाईक सोबतीला असावेत, देखरेखीला नाही. ज्याच्याशी भांडण झालं तोच शेजारी बसलेला असतो, आणि त्याच्यासमोर रुग्ण म्हणतो ‘चुकून पोटात गेलं’. घरच्यांना औषध आणायला पाठवा, मग विचारा. पोलीस केसची धास्ती असेल तर कायदा समजावून सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं, आणि जुन्या दंडसंहितेतला कलम ३०९ चा, आत्महत्येच्या प्रयत्नाचा, गुन्हा भारतीय न्याय संहितेत घेतलेला नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते, पण त्याचा अर्थ शिक्षा नव्हे.
सतत देखरेख असेल तर दोन तासांच्या आत माणूस बदला, संडासाचं दार लोटलेलं असू द्या पण कडी नको, आणि बसणाऱ्याच्या हातात मोबाइल नको. पंधरा मिनिटांची फेरी ठरल्या ठोक्याला नको, मागेपुढे करा. ओव्हर चालू असताना सगळ्या जणी टेबलाशी असतात, तेव्हा एकीने खाटांपाशीच थांबायचं.

रात्रपाळी
एवढी माणसं असती तर मी तक्त्याला धरून बसलेच नसते. चाळीस खाटांना दोघी असताना कोणाकडे आधी धावायचं हे कशावरून ठरवू? म्हणून बेरीज नको असेल तर नको, पण क्रम लावायला काहीतरी हवंच.

पाळीप्रमुख
क्रम बेरजेवर नको, आज काय बदललं त्यावर लावा. बेत सांगितला, सामान वाटून टाकलं, अचानक निवांत झाला, भेटायला येणारं माणूस आलं नाही: यातलं काही दिसलं की तो आधी.

ब्रदर_आयसीयू
आणि डिस्चार्ज? घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे. कार्डावर ‘सायकियाट्री ओपीडी’ एवढंच लिहून पाठवतात. फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगणं तरी सक्तीचं करा.

इन्चार्ज_सिस्टर
कुलपावर फार विसंबू नका. श्रीलंकेत गावंच्या गावं घेऊन कुलपाच्या पेट्यांची चाचणी झाली, विषबाधा कमी झाल्या नाहीत. किल्ली घरातच असते. नुकत्याच वाचलेल्या माणसाच्या घरात काही काळ फवारणीचं औषध ठेवूच नका, दुकानात किंवा भावाकडे राहू द्या, असं नाव घेऊन ठरवून द्या. पुन्हा तसा विचार आला तर काय करायचं याची सुरक्षा-योजना त्याच्याच शब्दांत हवी. ‘अस्वस्थ वाटल्यास’ नको. ‘बँकेचा फोन आला की छातीत धडधडतं’ असं. मग स्वतः काय करणार, कोणाकडे जाऊन बसणार, कोणाला मन मोकळं सांगणार, आणि शेवटी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. कार्डावर लिहून भागत नाही. वॉर्ड सोडण्याआधी त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या, आणि आठवड्याच्या आत आपल्याकडून एक फोन जायला हवा.

रात्रपाळी
तो फोन कोणत्या पाळीने करायचा, हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. डिस्चार्ज रजिस्टरला ‘फोन केला: तारीख, सही’ असा रकाना टाकला तर मी उद्यापासून करीन. तक्त्याबद्दल मात्र मत तेच आहे: सहा प्रश्न छापील राहू द्या.