लिंक रिझॉल्व्हर बदलायचा आहे, कोणता घ्यावा?

पानोपानी: नमस्कार मंडळी. आमच्या ग्रंथालयाच्या डेटाबेसमधला 'पूर्ण लेख' दुवा दाबला की कधी नियतकालिकाचं मुखपृष्ठ उघडतं, कधी 'उपलब्ध नाही' येतं. तोच लेख प्रकाशकाच्या साइटवर शोधला की सापडतो, वर्गणीही भरलेली आहे. वरिष्ठ म्हणतात, रिझॉल्व्हरच (या दुव्यावरून लेखापर्यंत नेणारी प्रणाली) बदलू. कोणता सुचवाल?

जुनीखतावणी: थांबा, पैसे घालवू नका. रिझॉल्व्हर बिचारा मधला निरोप्या. डेटाबेस ओपनयूआरएलमध्ये, म्हणजे ठरावीक नमुन्याच्या दुव्यात, लेखाचा तपशील भरून देतो: आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), वर्ष, खंड, अंक, पान. रिझॉल्व्हर तो नॉलेज बेसशी, म्हणजे आपल्याला कशाची कोणती वर्षं मिळतात त्या यादीशी, ताडतो आणि प्रकाशकाच्या साइटचा दुवा रचतो. नव्या रिझॉल्व्हरच्या पुढ्यातही हाच मेटाडेटा येणार. आधी फसलेले दुवे गोळा करा आणि त्यांत नेमकं काय गेलं ते वाचा.

तळटीप: +१. मुखपृष्ठावर आपटतात त्यांत पान क्रमांक आहे का पाहा. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या बऱ्याच नियतकालिकांत पानं नसतातच, लेख क्रमांक असतो. काही डेटाबेस तो पानाच्या रकान्यात टाकतात, काही गाळून मोकळे होतात. पुरवणी अंकांचं तर विचारूच नका! खंडाच्या रकान्यात '१२ पुरवणी १' कोंबलेलं, आणि समोरच्या साइटला हवा असतो नुसता १२.

पानोपानी: पाहिलं. मुखपृष्ठवाले बहुतेक दुवे एकाच डेटाबेसचे, त्यांत खंडच नाही. 'उपलब्ध नाही'वाल्यांत मात्र गंमत आहे. 'नेचर'पुढे आमच्या यादीत २८०८३६ आहे, हे काय?

जुनीखतावणी: एक्सेलचा प्रताप! खरा आयएसएसएन ००२८-०८३६. मधली रेघ नसली की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि सुरुवातीची शून्यं गिळतं. (शेवटी एक्स असलेले वाचतात, ते त्याला आकडे वाटत नाहीत.) तो रकाना 'टेक्स्ट' ठरवूनच यादी आयात करा. ऑनलाइन आवृत्तीचा १४७६-४६८७ वेगळा, तोही भरा.

खडूफळा: डीओआय (लेखाचा स्वतःचा कायमचा ओळखक्रमांक) असताना एवढा खटाटोप कशाला?

तळटीप: डीओआय सहसा प्रकाशकाच्या दारात नेतो. तुमची वर्गणी दुसऱ्या डेटाबेसमार्फत असेल तर तिथे पैसे मागतात. जुन्या लेखांना तर कित्येकदा डीओआयच नसतो. पण तो असेल तर गळालेला खंड-अंक क्रॉसरेफकडून (डीओआय नोंदवणारी संस्था) भरून घेता येतो. रिझॉल्व्हरच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे का बघा.

जुनीखतावणी: उलटा प्रकारही होतो: रिझॉल्व्हर 'आहे' म्हणतो, साइट नकार देते. तिथे एम्बार्गो, म्हणजे कोणत्या काळातले अंक अडवून ठेवलेत ते, तपासा. केबार्ट यादीत (नॉलेज बेससाठी पुरवठादार देतात त्या याद्यांचा ठरलेला नमुना) 'पी१वाय' म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंतचं सगळं, 'आर१वाय' म्हणजे फक्त गेल्या वर्षभरातलं. अदलाबदल झाली की नेमकं नको ते दिसतं. वर्गणीच्या करारातच लिहून घ्या: केबार्ट नमुन्यातली ताजी यादी दर महिन्याला. हा नमुना २०१० पासून आहे, २०१४ मध्ये सुधारलाय. पुरवठादाराने कानावर हात ठेवायचं कारण नाही.

पानोपानी: यादी दुरुस्त करून चढवली, 'नेचर' उघडलं. वरिष्ठांना तूर्त थांबवलंय. आता खंड गाळणाऱ्यांना पत्र लिहितेय, सोबत काय जोडू?

तळटीप: त्यांच्याकडून आलेला अख्खा ओपनयूआरएल आणि लेखाचा खरा पत्ता, एकाखाली एक. नुसता स्क्रीनशॉट पाठवलात तर 'कॅशे साफ करा' एवढंच उत्तर येईल.