प्रतिसाद: निधी आहे, पण पोचत का नाही?

वर कुणीतरी लिहिलंय की श्रीमंत देशांनी हात सैल सोडला की गरीब देशांतल्या शाळांचा प्रश्न सुटेल. मला हे अर्धंच पटतं. मंजूर झालेला पैसाही वर्षानुवर्षं अडकून राहतो.

गरीब देशांतल्या शिक्षणासाठी असलेला आंतरराष्ट्रीय निधी 'ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन' घ्या. २००२ साली वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या निधीतलं अनुदान बहुतेक वेळा थेट सरकारच्या खात्यात जात नाही. जागतिक बँक किंवा युनिसेफसारखी संस्था मध्ये असते. आधी देशाचा शिक्षण आराखडा लागतो, त्याची स्वतंत्र तपासणी होते. २०१४च्या पद्धतीत तर मोठ्या अनुदानाचा ३० टक्के भाग निकालांशी, म्हणजे शिक्षणात प्रत्यक्ष दिसलेल्या सुधारणेशी, बांधला होता. हेतू चांगला, पण ज्या देशाकडे शाळांची धड आकडेवारीच नाही, तो निकाल दाखवणार कसा? सर्वांत गरजू तोच मागे पडतो.

म्हणून खरी मदत अर्जाच्याही आधी हवी: आकडेवारी गोळा करणारे, अंदाजपत्रक मांडणारे, खरेदी आणि हिशेब सांभाळणारे स्थानिक लोक तयार करायला. परदेशी सल्लागार अहवाल लिहून निघून जातात, तालुक्याचा शिक्षणाधिकारी तिथेच असतो.

आपल्याकडे १९९४च्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात जागतिक बँकेचाही पैसा होता आणि नियोजन जिल्ह्यावर सोपवलं होतं. लातूर, नांदेड, परभणी त्यात होते. त्या काळात तिथे काम केलेले शिक्षक इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं.