संघांच्या ग्लॅडिएटर स्पर्धेत बाद झालेल्या खेळाडूला पटावर परत कसे आणावे?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. आमचा सहा जणांचा गट दर रविवारी विश्रामबागेत माझ्या घरी जमतो आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून, पात्रे रंगवत खेळायचा कथेचा खेळ खेळतो; नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे. खेळ मी चालवते आणि बाकी पाच जणांची पात्रे आता पाचव्या लेव्हलला आली आहेत. कथेतल्या बंदराच्या शहरात संघांची ग्लॅडिएटर स्पर्धा भरते, आणि विजेत्या संघाला रिंगणातल्या एका कैद्याची सुटका मागता येते. आमच्या पात्रांना हवा असलेला साक्षीदार त्या कैद्यांतच आहे, म्हणून ही स्पर्धा मला मनापासून रंगवायची आहे.

मागच्या रविवारी पाच विरुद्ध पाच अशी सरावाची एक लढत घेतली आणि ती फसली. समोरच्या जादूगाराने दुसऱ्याच राउंडला आमच्या फायटरवर (लढवय्या पात्रावर) 'होल्ड पर्सन' हे जागी खिळवणारे स्पेल, म्हणजे मंत्र, टाकले. तो जागीच लुळा पडला, आणि अशा वेळी पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा, ठरत असल्यामुळे त्याचे ४४ हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद मोजणारे गुण) त्याची पुढची पाळी येण्याआधीच संपले. क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा आमचा पुजारी, रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला अडकला होता. तिथून पुढे आमचा संघ सावरलाच नाही, एकामागून एक सगळे पडत गेले, आणि फायटर खेळणारा मुलगा पुढचा तासभर नुसता बघत बसला. तो काही बोलला नाही, पण आठवडाभर वाट पाहून आलेल्या माणसाला असे बसावे लागले हे मला फार लागले. पहिला गडी पडताच निकाल ठरू नये आणि पडलेल्यालाही खेळात आशा राहावी, यासाठी कोणी काही करून पाहिले आहे का?

अजिंक्यतारा, सातारा

ताई, तुमच्या लढतीत जे घडले त्यामागे साधे गणित आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ साली मांडले की, जिथे प्रत्येक जण समोरच्या कोणावरही मारा करू शकतो तिथे संघाचे बळ संख्येच्या प्रमाणात नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात मोजावे लागते. पाच विरुद्ध चार असताना वर्ग येतात २५ आणि १६. त्यांतला फरक ९, आणि त्याचे वर्गमूळ ३. म्हणजे बाकी सगळे सारखे असेल, तर चौघे संपतील तेव्हा पाचांपैकी तिघे अजून उभे असतील. एक गडी गमावण्याची किंमत इतकी मोठी असते, आणि फासे कितीही चांगले पडले तरी ती सहसा भरून निघत नाही. खेळाच्या नियमांत या घसरणीला बांध नाही, कारण ते नियम मुळात एका गटाने राक्षसांशी लढण्यासाठी रचलेले आहेत, तोलामोलाच्या दोन संघांसाठी नव्हे.

बांध आपल्याकडे कबड्डीने फार पूर्वीच घातलेला आहे. तिथे गडी बाद झाला तरी तो सामन्यातून जात नाही. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की बाहेर बसलेला आत येतो, आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परततो. मी माझ्या गटात हेच केले. समोरचा एक गडी पडला की एक गुण मिळतो आणि आपला सर्वांत आधी पडलेला गडी अर्ध्या हिट पॉइंटांनिशी आपल्या कडेच्या रेषेवर उभा राहतो. पूर्ण संघ आडवा झाला तर लोण, म्हणजे समोरच्यांना वरचे दोन गुण आणि आडव्या झालेल्यांचा सगळा संघ पुन्हा आत. लढत शेवटचा माणूस उरेपर्यंत न चालवता सहा राउंडांवर थांबवावी आणि गुण मोजावेत. कथेत याचे कारण देणे अवघड नाही: रिंगणाच्या कठड्यामागे देवळाचे पुजारी बसतात आणि पडलेल्याला शुद्धीवर आणणे हे त्यांचे मानाचे काम असते.

आणखी एक गोष्ट मैदानाच्या आकाराची. साठ फूट लांब-रुंद रिंगण आखले असेल तर वीस फूट त्रिज्येचा एक 'फायरबॉल' (आगीच्या स्फोटाचे तिसऱ्या लेव्हलचे स्पेल) त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा व्यापतो. रोमच्या कलोसियमचे रिंगण सुमारे ८३ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद होते. तेवढे टेबलावर मावणार नाही, पण निदान शंभर फूट तरी घ्या आणि मध्ये खांब ठेवा.

कराडकर

वरचा उपाय चांगला आहे, तरी त्यात क्लेरिकवर अन्याय होतो असे मला वाटते. 'हीलिंग वर्ड' हे पहिल्या लेव्हलचे स्पेल साठ फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, पडलेल्याला उठवते. ते वेळेवर टाकता यावे म्हणून क्लेरिक खेळणारा माणूस सगळा वेळ जागा सांभाळत असतो. पडलेला गडी आपोआप आणि तोही अर्ध्या हिट पॉइंटांनिशी परतणार असेल, तर त्या माणसाच्या कसबाला काय मोल राहिले? परतणाऱ्याला पाव हिट पॉइंट द्यावेत, आणि क्लेरिकने समोरच्यांच्या पाळीआधी उठवले तर गडी बाद धरूच नये, म्हणजे समोरच्यांचा गुणही जाईल.

जादूवर बंदी घालण्याचा विचार मात्र मनात आणू नका. एका दिवसात तीन लढती ठेवा आणि दोन लढतींच्या मध्ये फक्त एका तासाची विश्रांती द्या. फायटरची 'ॲक्शन सर्ज' आणि 'सेकंड विंड' ही खास कसबे तासाभराच्या विश्रांतीने परत येतात, विझार्डची, म्हणजे जादूगाराची, स्पेले येत नाहीत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्पेल टाकण्याच्या दोनच संधी, म्हणजे स्लॉट, असतात आणि 'आर्केन रिकव्हरी'ने दिवसातून एकदा त्यांतला एक परत मिळतो, म्हणजे तीन लढतींना मिळून फार तर तीन 'फायरबॉल'. पहिल्याच लढतीत दोन उडवले की संध्याकाळी काय करायचे, हा प्रश्न त्यालाच पडू द्या. समोरच्या संघालाही हाच हिशेब लावा.

तांबडी माती, पलूस

माझे म्हणणे जोडींबद्दल आहे. कुंडलच्या मैदानात कोणाची कुस्ती कोणाशी, हे जाणती माणसे वजन, वय आणि आधीच्या कुस्त्या पाहून ठरवतात, जोड तोलामोलाची लावतात, आणि मोठ्या जोड्या आधीच पोस्टरवर छापून येतात. त्यामुळे गावोगाव चर्चा सुरू होते आणि एक नंबरची कुस्ती सर्वांत शेवटी लागते. तुमच्या शहरातही तसे पोस्टर लावा. आपल्याला कोणाशी लढायचे हे आठ दिवस आधी कळले, तर खेळाडू समोरच्या संघाची माहिती काढायला बाहेर पडतील, तालमीतून फिरतील, आणि लढतीइतकीच रंगत तिच्या तयारीलाही येईल.

समोरचा संघ रचताना नुसते आकडे वाढवू नका. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधल्या ग्लॅडिएटरला ११२ हिट पॉइंट आहेत आणि तो एका पाळीत तीन वार करतो; असे पाच उभे केले तर पाचव्या लेव्हलच्या पात्रांचा निभाव लागणार नाही. असा एकच म्होरक्या ठेवा आणि बाकीचे ३२ हिट पॉइंटांचे 'ठग' घ्या. शिवाय रोमन लोकांनी जोड कशी लावली होती तेही पाहावे. जाळे आणि त्रिशूळ घेतलेल्या रेशियारियसच्या अंगावर फारसे चिलखत नसे. त्याच्यासमोर ढालवाला सेक्युटर येई, ज्याचे शिरस्त्राण जाळे अडकू नये म्हणून गुळगुळीत असे आणि डोळ्यांपुरती बारीक भोके सोडून बंद असे. त्यामुळे त्याला दिसे कमी आणि श्वासही कोंडे. दोघांची ताकद वेगळी, दोघांची उणीवही वेगळी. प्रत्येक संघाला अशी एक उणीव द्या आणि ती शोधणे खेळाडूंवर सोडा.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. काल याच नियमांनी पुन्हा सराव घेतला. परतणाऱ्याला पाव हिट पॉइंट दिले आणि रिंगण शंभर फुटांचे आखले. फायटर दुसऱ्या राउंडला पुन्हा पडला, पण या वेळी तो टेबलावरून उठला नाही, कारण समोरचा जाळेवाला कधी पडतो याकडे त्याचे सगळे लक्ष होते. चौथ्या राउंडला रेंजरने जाळेवाल्याला पाडले आणि फायटर अकरा हिट पॉइंट घेऊन आत आला, तेव्हा घरात एवढा आरडाओरडा झाला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. आम्ही ५-६ असे हरलो, तरी सगळ्यांना पुढचा रविवार आजच हवा आहे.

एक अडचण राहिली. एकाच 'फायरबॉल'ने आमचे दोघे एकदम पडले. त्यांतला आधी कोण परतणार, यावर वाद झाला.

अजिंक्यतारा, सातारा

इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे पाळीचा क्रम ठरवायला सुरुवातीला टाकलेल्या फाशात, ज्याचा आकडा मोठा तो आधी पडला असे धरावे, म्हणजे तोच आधी परतेल. आकडे सारखे असतील तर कर्णधाराने निवडावे, आणि ती निवड पुढचा फासा टाकण्याआधी बोलून दाखवावी.