उभ्या गाडीला कोणी धडकलं, तर भरपाई कशी ठरवलीत? अनुभव लिहा

गाडी उभी असताना कोणी ठोकली, तर चूक कोणाची यावर वाद घालायला फारशी जागा नसते. वाद होतो तो पैशांवरून, आणि तो भल्या माणसांतही होतो. म्हणून हा धागा काढतोय.

पुण्यात कर्वेनगरला आमच्या शेजारच्या दोन घरांत सध्या बोलणं बंद आहे. एकाने रिव्हर्स घेताना दुसऱ्याच्या गाडीचा मागचा बंपर फोडला आणि लगेच वर जाऊन तसं सांगितलं. ज्याची गाडी त्याने सर्व्हिस सेंटरचं साडेअकरा हजारांचं एस्टिमेट दाखवलं. ज्याने ठोकली तो म्हणाला, माझा ओळखीचा डेंटर, म्हणजे पोचे काढणारा मिस्त्री, अडीच हजारांत करून देतो. दोघेही खरं बोलत होते, फुकटचा पैसा कोणालाच नको होता. तरी महिना होत आला आणि बंपर तसाच लोंबतोय.

माझं मत असं: गाडी आदल्या दिवशी होती तशी करून मिळणं हा मालकाचा हक्क आहे. त्याहून चांगली करून घेणं हा नाही. पण ‘होती तशी’ करायला किती लागतात हे ठरवायचं कोणी, इथे घोडं अडतं. तुमच्या बाबतीत ते कसं ठरलं, कुठला भाग गेला, बिल किती झालं, पैसे कोणी कोणाला दिले ते लिहा. आकडे लिहाच. नावं आणि गाड्यांचे नंबर नकोत.

बिबवेवाडी

आमच्या पार्किंगमध्ये दोन खांबांत तीन गाड्या लावतात. वरच्या मजल्यावरच्या काकांची गाडी वळताना माझ्या मागच्या डाव्या दाराला घासली. रात्री बेल वाजली. “अहो, जरा खाली येता का? माझ्याकडून लागलंय तुमच्या गाडीला.” टॉर्चच्या उजेडात दोघांनीही फोटो काढले, पोच्याशेजारी चावी धरून, म्हणजे आकार कळावा.

आम्ही वेगवेगळी एस्टिमेट आणलीच नाहीत. शनिवारी दोघं मिळून गॅरेजला गेलो. मिस्त्री जे बोलला ते दोघांनी एकाच वेळी ऐकलं. काकांनी विचारलं, पत्रा ओढून निघेल ना? त्याने आतून हात घालून दाखवलं, निघेल. ४,२०० ठरले. ते काकांनी थेट गॅरेजवाल्याला दिले, माझ्या हातात पैसे आलेच नाहीत. मला हीच पद्धत सर्वांत चांगली वाटते.

सहकारनगर, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज

भांडत भांडत गिऱ्हाईक शेवटी आमच्याकडेच येतं, म्हणून लिहितो. रोज ऐकू येणारं वाक्य एकच: “बोटभर चरा आणि चार हजार?”

रंग बोटभर मारता येत नाही, ताई-दादा. चऱ्यावरचा रंग घासून काढायचा, खोल असेल तर पुट्टी भरायची, ती वाळली की पाण्याचा कागद मारून हाताला सपाट लागेपर्यंत घासायची, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि वर क्लिअर कोट. हा शेवटचा थर पॅनेलच्या मध्येच थांबवला तर उन्हात कडा दिसते आणि पुढे तिथूनच पापुद्रा सुटतो. म्हणून तो दाराच्या फटीपर्यंत न्यावा लागतो. साधा पांढरा रंग जुळवायला सोपा. सिल्व्हर, ग्रे, मोतिया पांढरा यांच्यात चमक असते. कंपनीचा कोड बघून तोच रंग आणला, तरी चार-पाच उन्हाळे रस्त्यावर काढलेल्या गाडीचा मूळ रंग उतरलेला असतो. मग शेजारच्या दारावरही हलका फवारा मारून मिसळून घ्यावा लागतो. चरा एका दारावर आणि बिल दीड दाराचं, ते असं. यात मालकाचा हट्ट नाही आणि आमची लबाडीही नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. बंपर फुटला की नवाच पाहिजे, असं दरवेळी नसतं. प्लॅस्टिकची चीर आतून वेल्ड होते, वरून रंगली की कळतही नाही. मात्र बंपर ज्या क्लिपांवर आणि लॉकवर बसतो ते तुटले असतील, तर तो पुन्हा नीट बसत नाही, खड्ड्यात खडखडतो. तेव्हा बदलणं रास्त. हे बंपर उतरवल्याशिवाय मलाही कळत नाही. त्यामुळे बाहेरून बघून आकडा ठरवू नका. उतरवल्यावर दोघांनी येऊन बघा, नाहीतर आतल्या बाजूचा फोटो मागा.

आणि मी एस्टिमेट दोन भागांत लिहितो. वर आत्ताचं नुकसान, खाली आधीचं. जुना चरा आणि नवा चरा ओळखता येतो: जुन्यात धूळ बसलेली असते, पत्र्यापर्यंत गेला असेल तर गंजाचा तपकिरी ठिपका असतो. नव्याच्या कडेला दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला सापडतो. जुनं काम मालकाने हवं तर त्याच वेळी स्वतःच्या पैशाने करून घ्यावं, ते त्याला स्वस्तही पडतं.

पौड रस्ता

डिलिव्हरीवाल्या मुलाच्या हँडलने माझ्या पुढच्या दाराला ओरखडा पडला. तो म्हणाला, “काकू, पॉलिशने जाईल.” सगळे असंच म्हणतात, म्हणून मी ओरखड्यावरून नख फिरवून बघितलं. नख अडकलं नाही. नख अडकलं तर ओरखडा वरच्या थराच्या खाली गेलेला असतो आणि मग नुसतं पॉलिश पुरत नाही, हे मला आमच्या ड्रायव्हिंगच्या सरांनी शिकवलं होतं. रबिंग करून घेतलं, ६०० रुपये झाले, त्याने दिले. तो खरंच बोलत होता, आणि ते मला तपासून कळलं. मला तपासायचं होतं आणि त्याला त्यात अपमान वाटला नाही, याचं मला कौतुक आहे.

वाकड

विम्याचं गणित सविस्तर लिहिते, कारण “विमा आहे ना तुमचा, मग क्लेम करा की” हे वाक्य मला ऐकवलं गेलं.

आमची गाडी चौथ्या वर्षातली, १,२०० सीसीची, झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा कवच) नाही. एका गृहस्थांनी मागून ठोकली, बिल ३८,००० च्या घरात. एवढ्या रकमेला क्लेम करणंच शहाणपणाचं होतं. पण क्लेम केला म्हणजे मला काहीच पडलं नाही, असं होत नाही. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये आपल्या खिशातून जातात, त्यावरच्या इंजिनाला २,०००. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर निम्मा घसारा कापतात. बंपर आणि मागचा दिवा मिळून १०,००० होते, त्यातले ५,००० गेले. रंगकाम ८,००० चं, त्याचा चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे आणखी १,०००.

मोठा फटका नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा. विना क्लेम वर्षागणिक तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. माझा ३५ होता, या नूतनीकरणाला ४५ झाला असता. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सवलतीआधी १४,०००, म्हणजे ६,३०० गेले. पुढच्या वर्षांत पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं, ते वेगळंच.

एकूण १३,३००. मी हा हिशेब कागदावर मांडून त्या गृहस्थांना दिला. ते आधी गोंधळले, त्यांनी त्यांच्या एजंटला विचारलं आणि दोन दिवसांनी पूर्ण रक्कम पाठवली. कंपनीने दिलेल्या पैशांतलं काही मी त्यांच्याकडून मागितलं नाही, फक्त फरक मागितला. एकाच कामाचे पैसे दोन्हीकडून घेणं चूकच. पाच-सात हजारांचं काम असेल तर मात्र क्लेमच्या नादी लागू नका, बोनसमध्येच तेवढे जातात.

बाणेर

पहाटे पाण्याचा टँकर मागे घेताना माझं डावं फेंडर (चाकावरचा पत्रा) दाबून गेला. वॉचमनने नंबर लिहून ठेवला. मालक फोनवर म्हणाला, आमचा टँकर नव्हेच. मी त्याच सकाळी सेक्रेटरींकडून सीसीटीव्हीची क्लिप पेनड्राइव्हवर घेतली. हे कृपया लक्षात ठेवा, डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, आठवड्याने गेलात तर हाती काही लागेलच असं नाही.

चौकीत सांगितलं, आपसात मिटवा. मी म्हणालो, मिटवायचंच आहे साहेब, पण नोंद हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि तिथे पोलिस नसेल, तर चालकाने २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं असतं. त्या चालकाने कळवलं नव्हतं. एमपरिवहन या सरकारी ॲपवर टँकरचा नंबर टाकला, विमा चालू दिसला. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, फक्त माणसं जखमी झाली तरच उपयोगी, असा समज आहे, तो चुकीचा आहे. मालमत्तेलाही तो लागतो: खासगी कारच्या पॉलिसीत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत, दुचाकीच्या एक लाखापर्यंत. पण ते पैसे वाद घालून मिळवायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, म्हणजे शिवाजीनगर कोर्टात खेटे. माझ्या १३,८०० च्या बिलासाठी कोण जाणार?

नोंद झाल्यावर मालक स्वतः आला, बिल बघून १२,००० वर अडला. मी घेतले. सोडलेले १,८०० मला अजून खुपतात. मी घासाघीस करावी असा तो व्यवहारच नव्हता. नुकसान त्याच्या टँकरने केलं होतं आणि बिल छापील होतं.

सदाशिव पेठ

आमच्या बोळात सम-विषम पार्किंग, समोरून रिक्षा आली की आरसा जातोच. एका रिक्षावाल्या दादांनी आरसा उडवला आणि थांबले. सर्व्हिस सेंटरचा भाव ३,२००. ते म्हणाले, “नाना पेठेत हाच ९०० ला मिळतो, मी बसवून देतो.” रविवारी सीटखालून खोका काढला, स्क्रू ड्रायव्हरने दाराची आतली तिकोनी पट्टी उचकटली, तीन बोल्ट फिरवले, मला आत बसवून मागचं नीट दिसतंय का विचारलं आणि मगच बोल्ट घट्ट केले. माझी गाडी दहा वर्षांची. तिला याहून जास्त मागणं मला बरोबर वाटलं नसतं.

नऱ्हे

देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. माझ्या मुलाची स्कूटर एका गाडीच्या मागच्या कोपऱ्याला लागली. त्या साहेबांनी मागचा बंपर, दोन दारं आणि अलॉय व्हील असं १९,००० चं एस्टिमेट पाठवलं. मुलगा घाबरून कबूल झाला होता. मी भेटायला गेलो, स्कूटर शेजारी उभी केली. स्कूटरचा जो भाग लागला तो जमिनीपासून ज्या उंचीवर होता, त्याच उंचीवर बंपरवर निळा रंग होता. दाराचे चरे त्याच्या वीतभर वर. साहेब स्वतः खाली वाकले, बघितलं आणि म्हणाले, दारं नाही धरत. बंपरचे ४,५०० दिले. आवाज चढवला असता तर हे झालं नसतं.

विमाननगर

माझी गाडी टॅक्सी आहे. कॉलेजच्या मुलाने उभ्या गाडीचा पुढचा दिवा फोडला. दिवा आणि बसवणं ५,५००, त्याच्या वडिलांनी लगेच दिले. पण दिवा येईस्तोवर रात्रीच्या फेऱ्या बंद, बँकेचा हप्ता चालू. मी ॲपवरच्या मागच्या महिन्याच्या रात्रीच्या कमाईचा हिशेब दाखवला, त्यातून गॅस आणि कमिशन वजा केलं आणि उरलं ते मागितलं. वडील म्हणाले, गॅस तुम्हीच वजा केलात, मला आणखी काही विचारायचं नाही. ज्यांची गाडी पोट भरते त्यांनी हे मागायला लाजू नये.

एरंडवणे

पैसे दिल्या-घेतल्यावर दोन ओळी लिहून घेत चला, ओळखीत असलात तरी. माझ्या भाच्याने सगळे पैसे दिल्यावर त्याला त्याच गाडीसाठी पुन्हा फोन आला होता, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगते. आणि धक्का देणाऱ्याने आपल्या विमा कंपनीकडून पैसे मिळवायचे ठरवलं असेल, तर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय रक्कम कबूल करायची नसते, पॉलिसीत तशी अट असते. स्वतःच्या खिशातून देणाऱ्यांसाठी आम्ही वापरला तो मजकूर असा:

“दिनांक अमुक रोजी अमुक ठिकाणी उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या मागच्या उजव्या दाराचे झालेले नुकसान दुरुस्त करण्यासाठी, सोबतच्या बिलाप्रमाणे रुपये ६,२०० मला मिळाले. या नुकसानीबाबत माझी आणखी कोणतीही मागणी राहिलेली नाही.”

खाली दोघांच्या सह्या, बिलाचा फोटो, आणि प्रत दोघांकडे.